मुलांच्या प्रश्नांना उत्तरं कोण देणार?

टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली की अनेक घरांत आजही घाईघाईने रिमोट शोधला जातो. ‘बाळ कुठून येतं?’ या प्रश्नाला ‘देवबाप्पा देतो’ हे उत्तर ठरलेलं असतं. मूल गप्प बसतं आणि आपण सुटलो, असं आईवडिलांना वाटतं. पण प्रश्न संपलेला नसतो. तो मित्रांकडे जातो, नाहीतर मोबाइलकडे. तिथे मिळणारं उत्तर बहुतेकदा अर्धवट आणि भडक असतं.

भीती किती खरी?

‘सांगितलं तर मुलं बिघडतील’ ही भीती जुनीच आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून याच विषयावर लिहीत होते, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधलं लैंगिक शिक्षण रोखलं. युनेस्कोने मात्र अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा या शिक्षणामुळे मुलं शरीरसंबंधांकडे लवकर वळतात, असं दिसलं नाही.

शब्दच नसतील तर?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं. मुलगेही त्यात मुलींपेक्षा कमी नव्हते. बहुतेकांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. सांगणार तरी कशी? ज्या अवयवाचं नाव काढलं की ‘शी, असं बोलू नये’ म्हणून दटावलं जातं, त्याबद्दल तक्रार करायला मुलाकडे शब्दच नसतात.

वयानुसार सांगा

* तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना सर्व अवयवांची खरी नावं सांगा. तिथे कुणी हात लावला आणि ‘गुपित ठेव’ म्हणालं, तर लगेच आईबाबांना सांगायचं, हेही शिकवा.

* मुलीला पाळीची माहिती पाळी येण्याआधी द्या. रक्त पाहून तिला काही आजार झाला, असं वाटता कामा नये. घरातल्या मुलालाही हे समजू द्या, म्हणजे तो वर्गातल्या मुलींची टिंगल करणार नाही.

* वयात येणाऱ्या मुलाला सांगा की, नावात ‘दोष’ असला तरी स्वप्नदोष हा आजार नाही. मग तो भिंतीवरच्या जाहिराती वाचून भोंदू वैद्यांच्या नादी लागणार नाही.

* पंधरा-सोळाव्या वर्षी गर्भनिरोधक, संसर्ग आणि कायदा यांवर मोकळेपणाने बोला. इमर्जन्सी गोळीने एचआयव्हीपासून संरक्षण मिळत नाही. पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही, मग ते प्रेम का असेना. अल्पवयीनांचे नग्न फोटो पुढे पाठवणं हाही गुन्हा आहे. आणि ‘नाही’ म्हणजे नाहीच, हे मुलांना आवर्जून सांगा.

यासाठी भाषण द्यावं लागत नाही. भाजी निवडताना, गाडीतून जाताना दोन वाक्यं पुरतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर ‘विचारून उद्या सांगते’ म्हणा आणि उद्या खरंच सांगा. लहान प्रश्नाला ज्या घरात उत्तर मिळतं, तिथेच मूल पुढे मोठी अडचण घेऊन येतं.