मीटरचा लाइट मंद झाला म्हणून काय झालं?

आज गाडीवर बोलू. नवी नाही, जुनी. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी, 1979 चं मॉडेल. आर्णीत आमच्या गल्लीत तिला अजूनही सगळे 'फियाट'च म्हणतात, आणि ते काही चूक नाही. मुळात ती इटलीच्या फियाट कंपनीची 1100 डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती 1964 पासून इथं बनवली आणि 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 च्या शेवटी ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी स्टेटस ठेवलं असेल. आमची मात्र अजून चालते.

चालते, पण एका रात्री नव्हती चालली.

आम्ही माहूरहून परत येत होतो. गाडीत बाबा, आई, मी आणि मागच्या सीटवर झोपलेली आजी. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा अंधार पडला होता. थोडं पुढं आल्यावर हेडलाइट पिवळे पडायला लागले. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. मीटरकडं पाहिलं तर तिथं काहीच दिसत नव्हतं, पण त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, कारण मीटरचा लाइट दोन वर्षांपासून असाच होता. कधी लागायचा, कधी नाही, डॅशबोर्डवर थाप मारली की दोन मिनिटं लागायचा. शेवटी इंजिन झटके देऊन बंद पडलं. मागून ट्रक येताहेत आणि आमच्या गाडीचा मागचा लाल लाइटसुद्धा नाही. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन मागं उभा राहिलो. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "विकून टाका आता." बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं होतं. भंगारवाला तर आधीपासून मागंच होता.

मी गाडी ओढून आर्णीतल्या एका इलेक्ट्रिशियन चाचांकडं नेली. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. पहिला प्रश्न, "चाबी फिरवल्यावर लाल बत्ती लागत होती का बे?"

मी म्हटलं, "कोणती लाल बत्ती?"

"हेच तं!" चाचा म्हणाले. "बिमारी डायनॅमोची हाय, पण तुले सांगणारीच मरून पडली होती."

हे नीट समजून घ्या. चावी फिरवली आणि इंजिन अजून सुरू केलं नाही, तेव्हा मीटरमध्ये दोन लाल बत्त्या लागायलाच पाहिजेत, एक चार्जिंगची आणि एक ऑइलची. इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात. चालत्या गाडीत चार्जिंगची बत्ती लागली, तर डायनॅमो बॅटरीला करंट देत नाही असं समजायचं. आमच्या डायनॅमोचे कार्बन झिजले होते. गाडी सगळा रस्ता नुसत्या बॅटरीवर चालली आणि बॅटरी संपली. बत्ती लागली असती तर आम्ही माहूरमध्येच थांबलो असतो. पण बत्तीचा बल्बच गेला होता, तो कधी गेला कोणाला माहीत. ऑइलची बत्ती अशी गेली असती तर बॅटरीवर भागलं नसतं, इंजिनच गेलं असतं. म्हणून जुनी गाडी असेल तर रोज चावी फिरवून एक सेकंद थांबा आणि पाहा. पैसे लागत नाहीत.

कार्बन बदलले, बल्ब टाकला. पण मीटरचा उजेड तसाच मंद. चाचा म्हणाले, "हे दुसरं दुखणं हाय, तू कर. मी सांगतो."

आता इथं थोडं विज्ञान. मीटर दिसावं म्हणून आत जे बल्ब असतात, ते करंट परत पाठवतात गाडीच्या पत्र्यातून. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. लाल बत्त्यांचं तसं नाही. ऑइलच्या बत्तीची वायर इंजिनावरच्या स्विचला जाते आणि चार्जिंगची डायनॅमोच्या बाजूला. त्यामुळं लाल बत्त्या ठणठणीत आणि मीटरचा उजेड तेवढा मंद असेल, तर पहिला संशय मीटरच्या अर्थिंगवर घ्यायचा. इंडिकेटर लावला की मीटरचाही लाइट सोबत डोळे मिचकावतो? लाइट लावला की पेट्रोलचा काटा हलतो? मग संशय नाही, खात्रीच समजा.

आणि साध्या बल्बला व्होल्टेज थोडं कमी पडलं तरी उजेड फार पडतो. बाराच्या जागी दहा व्होल्ट मिळाले, तर उजेड जवळजवळ अर्धा होतो. म्हणून बल्ब बदलून बदलून लोक थकतात, आणि दोष बल्बचा नसतोच.

तपासायला चाचांनी मला एक लांब वायर दिली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या धातूच्या बॉडीला टेकवायचं. फक्त मायनसला हं, घाईत प्लसला लावाल तर वायर हातातच जळेल. मी टेकवलं आणि मीटर लख्ख! काटा, आकडे, सगळं. वीस वर्षांचा झालो, पण त्या मीटरमधले आकडे रात्री इतके स्पष्ट मी पहिल्यांदाच पाहिले.

मग शोध. बॅटरीचा मायनस काढून ठेवला, हातातली अंगठी काढली आणि डॅशबोर्डखाली उताणा झोपलो. स्पीडोमीटरची केबल मागून सोडवली, मीटर पुढं ओढलं. अर्थिंगची काळी वायर जिथं स्क्रूनं कसली होती, तिथं खाली चकचकीत रंग! दोन वर्षांपूर्वी गाडीला नवा रंग दिला होता, तेव्हा पेंटरनं आतही फवारा मारला होता. वायर पत्र्याला नाही, रंगाला चिकटवलेली. थाप मारली की स्क्रू थोडा हलायचा आणि लाइट लागायचा. दोन वर्षं आम्ही थापाच मारत होतो.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून पत्रा उघडा केला, वायरचं टोक घासलं, स्क्रू आवळला, वरून थोडं व्हॅसलीन लावलं. बल्बचे होल्डरही आतून हिरवट झाले होते, तेही घासले. फ्यूज बॉक्समध्ये पद्मिनीला ते दोन्ही बाजूंनी टोकदार चिनी मातीचे फ्यूज असतात. पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा. त्यांची टोकं काळी पडतात, फ्यूज शाबूत दिसतो पण करंट अडतो. घासून परत बसवले. पांढऱ्याच्या जागी लाल टाकायचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

एलईडी लावू का, हे तुम्ही विचारणारच. मीटरच्या उजेडाला लावा, प्लस-मायनस उलटा लागला तर नुसता पेटत नाही, फिरवून लावायचा. निळसर घेऊ नका, रात्री डोळ्यांवर येतो. पण चार्जिंगच्या बत्तीला नको. नंतरच्या गाड्यांत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला, आणि बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या छोट्या बल्बमधूनच मिळतो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही आणि चार्जिंगच सुरू होत नाही. म्हणजे बत्ती सुधारायला जाऊन आमच्यासारखं रस्त्यात उभं राहायचं. तसंच जास्त वॅटचा बल्बही नको, होल्डर आणि प्लॅस्टिक वितळतं.

सगळं जोडल्यावर संध्याकाळी बाबांना बोलावलं. त्यांनी चावी फिरवली. दोन लाल बत्त्या लागल्या. इंजिन सुरू केलं, दोन्ही विझल्या. मग लाइटचं बटण दाबलं. बाबा बराच वेळ मीटरकडं पाहत बसले, आणि थाप मारायला वर उचललेला हात तसाच स्टिअरिंगवर ठेवला.

आई दारातून म्हणाली, "त्या भंगारवाल्याचा फोन आला होता."

"त्याले सांग, गाडी बाहेर गेली हाय," बाबा म्हणाले, आणि आम्ही दिग्रसच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आलो.