गॅटलिंगच्या मागे आणि पुढे

नाशिकजवळची देवळाली म्हटलं की आज तोफखान्याचं प्रशिक्षण आठवतं. एकोणिसाव्या शतकात मात्र ती गोऱ्या शिपायांची धर्मशाळा होती. बोटीने मुंबई, रेल्वेने थळ घाट चढून देवळाली आणि तिथून आपापली पलटण. पाचेक हजार माणसं मावतील एवढ्या बराकी इथे होत्या.

याच काळात या गोऱ्या शिपायांच्या हाती हिंदुस्थानात गॅटलिंग बंदूक आली. रिचर्ड गॅटलिंगने १८६२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. गोलाकार बसवलेल्या नळ्या आणि मागे एक दांडा. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने वरून काडतुसं पुरवायची. प्रत्येक नळी फेऱ्यात एकदा उडते. उरलेल्या वाटेत तिची रिकामी पुंगळी पडते आणि नवं काडतूस बसतं. काडतूस जरा वाकडं बसलं की सगळं ठप्प! ऑक्टोबर १८७९ मध्ये काबूलच्या वाटेवर चारासियाला इंग्रज सेनापती रॉबर्ट्सच्या फौजेची गॅटलिंग ऐन लढाईत अडली.

म्हणजे बंदुकीपेक्षा ती जाणणारा माणूस महत्त्वाचा. अमेरिकेत असा एक निघाला, आर्थर हॉवर्ड. कॅनडातलं मेटिस या मिश्रवंशी लोकांचं बंड मोडताना १८८५ मध्ये बातोशला त्याने गॅटलिंग चालवली आणि ‘गॅट’ हे टोपणनाव मिळवलं. पुढे बोअर युद्धात, १९०१ साली, तो मारला गेला.

मग असा एखादा मराठी गॅटलिंगवाला का सापडत नाही? तोफ तर आपल्याला नवी नव्हती. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. कारण १८५७ मध्ये आहे. त्या उठावानंतर डोंगरी तोफखान्याच्या काही तुकड्या सोडल्या, तर इंग्रजांनी तोफा हिंदी हातांत राहू दिल्या नाहीत. गॅटलिंग चाकांच्या गाड्यावर बसवलेली, म्हणून तीही तोफांतच जमा. माझ्या मते कौशल्याचा प्रश्नच नव्हता, भीतीचा होता. हिंदी जवानांची पहिली मैदानी तोफखाना तुकडी बंगळूरला उभी राहिली ती थेट १९३५ मध्ये.

दांडा न फिरवता आपोआप चालणाऱ्या मॅक्सिम बंदुकीनंतर यंत्रबंदूक पायदळात आली, तेव्हा चित्र पालटलं. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये १२९व्या बलुची पलटणीचे खुदादाद खान, सोबतचे सगळे पडल्यावरही, जखमी अवस्थेत आपली मशीनगन चालवत राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मराठा पलटणीतली ठळक कथा मात्र यंत्रबंदुकीच्या समोरून आहे. नाशिकशेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं. परत येऊन टॉमीगनने शत्रूचं एक मशीनगन ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बांनी आणखी दोन ठाणी उडवली. बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधावर जाऊन सोबत्यांकडून नवे घेतले. मग बांधावर उभं राहून, मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावलं.

जाधव १९८४ मध्ये वारले. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र छापील आहे. नाशिक-नगरच्या शाळांनी ते मुलांना एकदा वाचून दाखवावं.