नवे औषध : कशापेक्षा चांगले?

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु कामगाराच्या पगारातून औषधांवर किती पैसा जातो, हे आम्ही नित्य पाहतो. असाच एक कामगार मध्यंतरी विचारू लागला, "दादा, जुनी गोळी स्वस्त होती. आता नवी महागाची दिली आहे. नवी म्हणजे चांगलीच ना?"

गिरणीत नवे यंत्र आले की मालक म्हणतो, हे अधिक चांगले. आम्ही लगेच विचारतो, कशापेक्षा? औषधालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. पुष्कळदा नव्या औषधाची परीक्षा औषध नसलेल्या पोकळ गोळीशी होते. त्यातून ते 'काहीच न घेण्यापेक्षा' बरे, एवढेच ठरते. पण रोग्यापुढे निवड असते ती जुन्या आणि नव्या औषधातली!

एक उदाहरण पाहू. रक्तदाबाच्या औषधांची तुलना करण्यासाठी अमेरिकेत १९९४ साली सरकारी पैशाने 'ऑलहॅट' नावाची मोठी चाचणी सुरू झाली. पंचावन्न वर्षे व त्यावरील वयाचे ४२ हजारांहून अधिक रोगी तीत होते. एका बाजूला क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी जुनी, स्वस्त गोळी. दुसऱ्या बाजूला तीन नवी औषधे. त्यांपैकी डॉक्साझोसिन रक्तदाब उतरवीत असे, आणि तेवढ्या गुणावर ते आधीपासून दिलेही जात होते. परंतु ते घेणाऱ्यांत हृदय दुर्बळ होण्याचे प्रमाण जुन्या गोळीच्या जवळजवळ दुप्पट आढळले. म्हणून २००० साली तो भाग थांबवावा लागला. २००२ साली उरलेला निकाल आला. हृदयविकाराचा झटका टाळण्यात अ‍ॅम्लोडिपिन वा लिसिनोप्रिल यांपैकी एकही जुन्या गोळीहून सरस ठरले नाही. ही तुलना परवानगीआधीच झाली असती तर?

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. दोन गुणकारी औषधांतला फरक थोडा असतो. तो पकडायला हजारो रोगी आणि कित्येक वर्षे लागतात. तोवर रोग्याने थांबावे काय? शिवाय जुने औषध न सोसणाऱ्याला तितक्याच गुणाचे दुसरे औषधही उपकारकच असते. आणि ज्या रोगावर औषधच नाही, तेथे तुलना कशाशी करणार?

हे सारे आम्हाला मान्य आहे. म्हणून नवे औषध जुन्याहून वरचढच हवे, असा आमचा हट्ट नाही. मात्र जेथे सिद्ध औषध आहे, तेथे नवे त्याच्या शेजारी उभे करून तपासावे, ते फारसे उणे नाही एवढे तरी दाखवावे आणि निकाल लोकांपुढे उघड ठेवावा. चाचणीला उभा राहणाऱ्या आजारी माणसाला चांगले औषध असता पोकळ गोळी देणे, हाही अन्यायच.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. पण डॉक्टरांना अवश्य विचारा : हे चांगले, पण कशापेक्षा?