मारिओने उडी मारली की एक सूर गप्प होतो

नव्वदच्या दशकात ज्यांनी आपल्याकडच्या ‘टीव्ही गेम’वर मारिओ खेळला, त्यांच्या कानात बसलेलं त्याचं संगीत बहुधा मुळाबरहुकूम नाही. हे मला फार उशिरा कळलं आणि जरा फसवल्यासारखंच वाटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, कॅसेट काढून, फुंकर मारून, परत खोचून शेकडो तास ऐकलेली ती चाल!

झालं होतं असं. मूळ यंत्र जपानी, निन्टेन्डोचं. तिथल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा उमटतं, आपल्याकडे ५० वेळा. गेममधलं संगीत वाजवणारा प्रोग्राम दर चित्रागणिक एक पाऊल पुढे सरकतो; चित्रं कमी, तर पावलंही कमी. आपल्या बाजारात आलेली यंत्रं बहुतेक नकला होत्या. ५०च्या हिशेबाने चालणाऱ्या नकलेवर जपानमधली एका मिनिटाची चाल १ मिनिट १२ सेकंद घेते. सूर जवळपास तेच, लय उतरलेली. त्यातून अशा पुष्कळ नकली चिपांमध्ये आवाजाच्या दोन जातींची अदलाबदल झालेली असे. पोकळ, गोल आवाज हवा तिथे किनरा, आणि किनरा हवा तिथे पोकळ. म्हणजे सांगली-साताऱ्याच्या माजघरांत वाजत होतं ते रीमिक्सच होतं. फक्त ते करणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

हेच काम समजून उमजून, जीव ओतून आणि बहुतांशी फुकट करणारी माणसं जगभर आहेत. जुन्या गेमची चाल घ्यायची आणि ती जॅझमध्ये, मेटलमध्ये, नुसत्या पियानोवर, अख्ख्या वाद्यवृंदावर नव्याने मांडायची. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ या मंडळींनी अशा हजारो रचना जमवल्या आहेत. आलेली प्रत्येक रचना तिथे परीक्षक ऐकतात. नुसती नक्कल चालत नाही आणि मूळ चाल हरवलेलीही चालत नाही.

पण गेमच्याच चालींत असं काय आहे, की लोक चाळीस वर्षांनीही त्यांना हात घालतात? त्यासाठी त्या चिपच्या पोटात डोकवावं लागतं.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५चा. सगळा खेळ, म्हणजे ढग, कासवं, किल्ले, राजकन्या आणि कोजी कोंडो यांचं सगळं संगीत, मिळून ४० किलोबाइट. आवाजाच्या चिपमध्ये पाच वाटा. दोन चौकोनी लहरींच्या, त्यांवर चाल आणि तिची जोडीदारीण. एक त्रिकोणी लहर, खर्जासाठी. तिचा आवाज लहानमोठा करताच येत नाही, एक तर चालू नाही तर बंद. चौथी वाट नुसत्या खरखरीची, तिच्यातून ताल काढायचा. पाचवीवर ध्वनिमुद्रणाचे बारके तुकडे वाजवता येतात, पण मारिओत ती वापरलेलीच नाही. म्हणजे उरल्या चारच.

आणि या चारींतूनही चोरी होते. खेळातले आवाज याच वाटांवरून जातात. उडीचा ‘ट्युंऽ’ एका चौकोनी लहरीवर, नाण्याचा ‘टिंग’ दुसरीवर. मारिओने उडी मारली की त्या लहरीवरचा सूर तेवढ्यापुरता गप्प. आपल्याला ते जाणवतही नाही, कारण मन ती गाळलेली जागा स्वतःच भरून घेतं. प्रत्येक खेळणारा आपापल्या उड्यांनी त्या गाण्याला वेगळी भोकं पाडत असतो!

आता अशा परिस्थितीत संगीतकाराने करायचं काय? सतार नाही, सारंगी नाही, आवाजाचा पोत नाही, घुमारा नाही. साज काढून घेतला की फक्त चाल उरते, आणि ती खणखणीत नसेल तर दीडेक मिनिटात फिरून पहिल्या जागी येणारं ते गाणं दुसऱ्या फेरीलाच नकोसं होईल. आपल्याकडे बंदिश दोन-चार ओळींची असते आणि गायक तिच्यावर अर्धा तास घालवतो. दर पिढीचा गवई तीच बंदिश उचलतो आणि त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. मला गेमच्या चाली तशाच वाटतात. बांधीव, आटोपशीर, आणि आत भरपूर मोकळी जागा असलेल्या. रीमिक्स करणारा त्या मोकळ्या जागेत शिरतो.

त्या तंगीतून निघालेल्या युक्त्याही थक्क करणाऱ्या आहेत. १९८२च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या ध्वनिचिपमध्ये एका वेळी तीनच आवाज निघत. तीन सुरांचा मेळ धरला की संपलंच, चालीला काही उरत नाही. मग रॉब हबर्डसारख्या संगीतकारांनी ते तीन सूर एकाच आवाजावर आळीपाळीने, सेकंदाला पन्नास या वेगाने फिरवले. तबल्यावर तिरकिट जलद वाजलं की सुटे बोल ऐकू येत नाहीत, तसे ते सूर कानात मिसळतात आणि एक थरथरता, गुळण्या केल्यासारखा मेळ ऐकू येतो. नाइलाज म्हणून केलेली ही गोष्ट पुढे एका शैलीची ओळख झाली. आज ढीगभर मेमरी हाताशी असलेले रीमिक्सवाले मुद्दाम तीच गुळणी काढतात.

पुढच्या पिढीचं यंत्र, सुपर निन्टेन्डो, खऱ्या वाद्यांचे मुद्रित तुकडे वाजवू लागलं. आठ आवाज, पण सगळ्यासाठी जागा ६४ किलोबाइट. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं ‘शुभ सकाळ’चं फूलसुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतं. या ६४तच वाजवणारा प्रोग्राम, वाद्यांचे नमुने, स्वरलेखन आणि घुमारा. घुमाऱ्यालाही भाडं पडतं, दर १६ मिलिसेकंदांना २ किलोबाइट. गुहेत आवाज घुमवायचा तर एखाद्या वाद्याला घराबाहेर काढावं लागणार!

१९९४च्या ‘डाँकी काँग कंट्री’त पाण्याखालच्या टप्प्यासाठी डेव्हिड वाइज यांनी ‘ॲक्वाटिक ॲम्बियन्स’ रचलं. कॉर्ग वेव्हस्टेशन या सिंथेसायझरचे बारीक बारीक तुकडे एकामागे एक ओवून त्यांनी हे तरंगणं साधलं. पण यंत्रात बसवताना नमुने दाबावे लागतात आणि आवाजावर मळभ येतं. इथे चाहत्यांमधला एक निराळाच पंथ कामाला लागला. ही मंडळी चाल बदलत नाहीत. ते कानाने ओळखतात की ही बासरी अमुक सिंथेसायझरच्या तमुक बटणामागची आहे, मग ते जुनं वाद्य मिळवतात, तोच आवाज न दाबता घेतात आणि सगळी रचना स्वच्छ करून पुन्हा बांधतात. याला ते जीर्णोद्धार म्हणतात. मला त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या स्वच्छ ‘मुळा’कडे ते परत जातात, ते लोकांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. लोकांनी प्रेम केलं ते मळभावर.

रीमिक्स ऐकून मूळ संगीतकार काय म्हणत असतील? वाइज यांनी तर उत्तर वाजवूनच दिलं. २०१० साली चाहत्यांनी ‘डाँकी काँग कंट्री २’च्या चालींचा अल्बम केला, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना गिटार आणि ट्रम्पेटवर घेऊन त्यांनी स्वतःच्याच चालीचं रीमिक्स त्यात दिलं. कंपन्यांचा सूर मात्र दरवेळी इतका जमत नाही. ‘फायनल फँटसी ६’च्या अल्बमसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली, तेव्हा मालक कंपनी स्क्वेअर एनिक्समुळे ती आधी थांबवावी लागली, बोलणी झाल्यावर पुन्हा सुरू झाली आणि २०१३ साली ७४ रचनांचा अल्बम निघाला. कॅपकॉमने उलट वाट धरली होती. २००८ साली ‘स्ट्रीट फायटर’ची नवी आवृत्ती काढताना संगीताचं काम थेट या हौशी मंडळींकडेच दिलं.

मालकी कुणाची, या प्रश्नाच्या खोलात गेलं की हसू येतं. गेमबॉयवरच्या ‘टेट्रिस’ची ती प्रसिद्ध चाल मुळात १९व्या शतकातल्या एका रशियन लोकगीताची, फेरीवाल्यांच्या गाण्याची. १९८९ साली हिरोकाझु तानाका यांनी ती त्या चिमुकल्या स्पीकरसाठी बसवली. जिला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो, तीच रीमिक्स.

हौशींना मानही मिळू लागला आहे. २०१७चा ‘सॉनिक मेनिया’ हा गेम करताना सेगा कंपनीने संगीतासाठी टी लोपेस यांना बोलावलं. ते तोवर सॉनिकच्या चालींची रीमिक्स करण्यासाठीच ओळखले जात. २०२२ साली ‘८-बिट बिग बँड’ला कर्बी या गोल गुलाबी पात्राच्या गेममधल्या एका चालीच्या मांडणीसाठी ग्रॅमी मिळालं. त्याच्या पुढच्याच वर्षी कोंडो यांची मारिओची चाल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. मूळ लयीतली, अर्थातच. माझ्या कानाला ती अजूनही घाईची वाटते.

पण सगळ्यात लांबचा प्रवास केला ‘मेगालोव्हेनिया’ने. टोबी फॉक्स हा ‘अर्थबाउंड’ या गेमचा वेडा चाहता. २००८ साली त्याने हॅलोविनसाठी त्या गेमची हौशी मोडतोड, म्हणजे ‘हॅक’, करून एक भुताटकीची आवृत्ती बनवली, आणि तिच्यातल्या शेवटच्या लढाईसाठी ही चाल बांधली. नावात आणखी एका जुन्या गेममधल्या ‘मेगालोमेनिया’ या रचनेला दिलेली दाद. पुढे २०१५ साली त्याने स्वतःचा ‘अंडरटेल’ काढला आणि तीच चाल नव्याने वाजवली. २०१९ साली ती निन्टेन्डोच्याच ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये गेली. जानेवारी २०२२मध्ये व्हॅटिकनच्या सभागृहात सर्कशीच्या कलाकारांनी पोप फ्रान्सिस यांच्यासमोर कसरती केल्या, तेव्हा मागे वाजत होती तीच, भुताटकीच्या हॅकमधल्या शेवटच्या लढाईची चाल.