फळीचा मध्य काढायचाय? आधी पट्टी नीट निवडूया!



कार्यानुभवाच्या तासाला मुलं लाकडाचा तराजू करतात. ३० सेंटिमीटरची दांडी, मधोमध छिद्र आणि दोन्ही टोकांना पारडी. काम सोपं वाटतं. पण छिद्र फक्त १ मिलिमीटर सरकलं, तर एक बाजू १४९ आणि दुसरी १५१ मिलिमीटर होते. म्हणजे चूक एकाची, फरक दोनाचा! रिकामी दांडी थोडी माती चिकटवून आडवी केली, तरी लांब बाजूच्या १०० ग्रॅमला तोलायला आखूड बाजूला सुमारे १०१.३ ग्रॅम लागतात. मग मूल म्हणतं, "विज्ञानाचा नियमच चुकीचा आहे." नियम बरोबर असतो, चुकलेली असते ती मध्याची खूण.

कोणती पट्टी घ्यावी?

कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी वहीसाठी ठीक आहे, पण तिचा शून्य बहुधा टोकापासून थोडा आत असतो. मूल टोक फळीच्या कडेला लावतं आणि माप तिथेच चुकतं. शिवाय पट्टी जाड असेल, तर डोळा जरा तिरका झाला तरी वाचन बदलतं.

मोजटेप लांब फळीसाठी चांगला. त्याच्या टोकाचं हूक किंचित हलतं, तो दोष नव्हे. हूक बाहेरून अडकवलं काय किंवा आतून टेकवलं काय, माप बरोबर यावं म्हणून ते मुद्दाम स्वतःच्या जाडीइतकं सरकतं ठेवलेलं असतं. पण टेपचं पातं वाकलेलं असल्यामुळे अरुंद फळीवर ते नीट टेकत नाही.

आपल्या कामाला उत्तम म्हणजे स्टीलची पातळ पट्टी, १५ किंवा ३० सेंटिमीटरची. घेताना एवढं बघा:

१. शून्य अगदी टोकावर हवा.
२. खुणा कोरलेल्या हव्यात. नुसत्या छापलेल्या खुणा घासून जातात.
३. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असतील तर फारच छान.
४. पट्टी फार चकाकणारी नको, आकडे दिसत नाहीत.
५. कड सरळ हवी. कागदावर रेघ ओढा, पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंतून पुन्हा ओढा. दोन्ही रेघा एक झाल्या की पट्टी पास!

बाजारात मधोमध शून्य असलेली पट्टीही मिळते. दोन्ही कडांवर सारखाच आकडा येईपर्यंत ती सरकवायची, शून्यापाशी मध्य. भागाकाराची गरजच नाही.

एक सूचना: मापाचं एकक एकच ठेवा. सुतारकाका इंच आणि सुतात बोलतात, १ इंच म्हणजे ८ सूत. पण ७ सुतांचं निम्मं साडेतीन सूत, तिथे मुलं गोंधळतात. मिलिमीटरमध्ये दशांश अपूर्णांक येतो, तो त्यांना ओळखीचा असतो.

साध्या पट्टीनेच मध्य काढण्याची युक्ती

समजा फळी ७३ मिलिमीटर रुंद आहे. निम्मे ३६.५. हे टाळायचं असेल तर पट्टी तिरकी ठेवा: शून्य एका कडेवर, ८० दुसऱ्या कडेवर. आता ४० वर खूण करा. झाला मध्य! असं का होतं? फळीच्या दोन कडा आणि मध्यरेषा या तीन समांतर रेषा आहेत. त्या एका छेदिकेचे समान भाग करत असतील, तर दुसऱ्या कोणत्याही छेदिकेचेही समान भाग करतात. दहावीच्या भूमितीतला गुणधर्म इथे हाताला लागतो. मात्र फळीच्या कडा समांतर हव्यात.

लहान मुलांसाठी आणखी सोपं: फळीच्या रुंदीएवढी कागदाची पट्टी कापा आणि बरोबर दुमडा. घडी म्हणजे मध्य.

पडताळा विसरू नका

एका कडेपासून निम्मं माप घेऊन खूण करा, मग तेच माप दुसऱ्या कडेपासून घ्या. दोन खुणा जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या, तर खरा मध्य त्या दोघींच्या बरोबर मधे आहे. फळीच्या दोन्ही टोकांना अशी खूण करून त्या जोडल्या की मध्यरेषा तयार. पेन्सिल टोकदार हवी. बोथट पेन्सिलीची रेघच मिलिमीटरभर जाड होते.

या आठवड्यात मुलांना एकच फळी द्या आणि तीन पद्धतींनी मध्य काढायला सांगा. तिन्ही खुणा एकाच ठिकाणी आल्या, की त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद जरूर बघा!