मुलं वाचवायची की गाव? ‘विचर ३’मधल्या धर्मसंकटाला बरोबर उत्तर का नाही?

आचोळ्यात बसून खेळा नाहीतर पोलंडमध्ये, ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ या गेममध्ये एका झाडापाशी हात थबकतोच. (पुढे कथेतले तपशील उघड होतात.)

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या या रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू गेराल्ट असतो, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी. एका झाडाखाली कैद असलेला आत्मा त्याला सांगतो, मला सोडव, मी अनाथ मुलांना वाचवेन. तो खरं बोलतोय का, हे कळायला मार्ग नसतो.

पेच काय आहे?

आत्म्याला सोडलं, तर मुलं वाचतात. पण जवळच्या गावात कत्तल होते आणि तिथल्या सरदाराची बायको ॲना मरते. आत्म्याला मारलं, तर गाव वाचतं, ॲना जगते पण भ्रमिष्ट होते, आणि मुलं चेटकिणींच्या तावडीत सापडतात. इकडे आड, तिकडे विहीर.

जुन्या गेमपेक्षा वेगळं काय?

१९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये प्रामाणिकपणा, दया अशा आठ सद्गुणांची नोंद गेमच ठेवायचा. चांगलं वागलं की गुण वाढत. ‘विचर’मध्ये असा हिशेब नाही. शिवाय परिणाम उशिरा दिसतो. निर्णय बदलायचा तर जुन्या सेव्हपासून मधला सगळा खेळ पुन्हा खेळावा लागतो.

म्हणून ‘बरोबर पर्याय कोणता?’ हे इंटरनेटवर शोधून फारसं हाती लागत नाही. कोणता निर्णय घेतला की काय होतं, एवढंच कळतं. कुणाला वाचवायचं, हे खेळाडूलाच ठरवावं लागतं.