फास नर-मादी पाहत नाही

प्रौढ नर कस्तुरीमृगाच्या बेंबीपाशी असलेल्या पिशवीत कस्तुरी भरते ती जेमतेम २५ ग्रॅम. म्हणजे किलोभर कस्तुरीसाठी ४० नर हवेत. मारले जातात मात्र त्याहून कितीतरी जास्त प्राणी. शिकारी जंगलातल्या वाटांवर तारेचे फास लावून ठेवतो आणि त्यात माद्या, पाडसेही अडकतात. मादीकडे कस्तुरी नसतेच. ती फुकट मरते. वर्षाकाठी बहुधा एकच पाडस होणाऱ्या या प्राण्याची ही तूट भरून निघत नाही.

हिमालयात साधारण अडीच ते साडेचार हजार मीटर उंचीवर, भूर्ज आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) दाट जंगलात कस्तुरीमृग राहतो. वजन १० ते १५ किलो. नावात मृग असले तरी त्याचे कुळ हरणांहून वेगळे. शिंगे नसतात, नराचे वरचे सुळे ओठांबाहेर येतात. हिवाळ्यात चारा बर्फाखाली गेला की झाडांवरच्या शैवाकावर तो तग धरतो. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूलही शैवाकच. जुनी झाडे तुटली की कस्तुरीमृगाचे हिवाळ्याचे अन्नच जाते. हा प्राणी एकटा राहतो, ठरलेल्या वाटांनी फिरतो, ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. नेमक्या याच सवयी शिकाऱ्याच्या पथ्यावर पडतात.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. १९७२ मध्ये त्याच्यासाठी केदारनाथ अभयारण्य झाले. पुढे चोपत्याजवळ कांचुला खर्कला पैदास केंद्रही निघाले, पण तिथली संख्या टिकली नाही आणि केंद्र बंद पडले. एकांतप्रिय, हद्द राखणारा प्राणी कुंपणात सहजी रुळत नाही. त्याला वाचवायचे तर जंगलातच.

कस्तुरीच्या गंधाचे मूळ असलेल्या मस्कोन या रसायनाची रचना रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ मध्ये उलगडली. आता अत्तरांचे काम कृत्रिम कस्तुरीवर भागते. तरीही पारंपरिक औषधांसाठीची मागणी आणि तस्करी थांबलेली नाही. त्यामुळे खरे संरक्षण म्हणजे थंडीत पायी गस्त घालून एकेक फास काढणे. ते काम जंगल पायाखालचे असलेले स्थानिकच करू शकतात. त्यांना त्याचा बारमाही, पुरेसा मोबदला मिळायलाच हवा.

केदारनाथ-तुंगनाथच्या यात्रेला महाराष्ट्रातून असंख्य लोक जातात. तिथे किंवा इथे, कुणी ‘अस्सल कस्तुरी’ पुढे केली तर ती घेऊ नका आणि वनविभागाला कळवा. ती बनावट असेल तर फसवणूक आहे. खरी असेल तर गुन्हा.